नळी मोकळी

"खारट लागलं का?"

"लागलं."

"उठा. पुढचं कोण आहे?"

त्या दिवशी दुपारपर्यंत हे एवढंच बोलणं मी साठ-सत्तर वेळा केलं असेल. शाळेतल्या सातवी 'ब'च्या वर्गात आमचं मोतीबिंदूचं शिबिर भरलं होतं. बाकं भिंतीला लावून मधे एक लाकडी स्टूल ठेवलेलं, शेजारी माझं टेबल, टेबलावर सलाईनच्या पाण्याची बाटली, सिरिंज आणि बोथट सुया. फळ्यावर कुणीतरी अपूर्णांकांचं गणित अर्धवट सोडून दिलेलं होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, ट्रस्टच्या दवाखान्यात नेत्र सहायक, आणि माझं काम डोळ्याच्या नळ्या तपासण्याचं.

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, पापणीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. डोळ्यातलं पाणी त्यातून आत जातं, एका लहानशा पिशवीत उतरतं आणि तिथून नळीनं नाकात. म्हणून तर माणूस रडला की नाक पुसतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या भोकातून सलाईन घालून बघायचं. नळी मोकळी असली तर पाणी नाकातून घशात उतरतं आणि पेशंटला खारट लागतं. नळी बंद असली तर पाणी उलटं येतं. बंद नळीच्या माणसाचं ऑपरेशन करायचं नाही, कारण तुंबलेल्या पिशवीत पू धरतो आणि चिरलेल्या डोळ्याला तो पू लागला तर डोळा जातो. आधी नळीचा इलाज, मग मोतीबिंदू.

माझा हात हलका होता. सुई आत गेलेली पेशंटला कळायचीसुद्धा नाही. "आमच्या चौगुले बाई तासाला तीस नळ्या बघतात," असं डॉक्टर आवटी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं. मान खाली घालून मी काम करत राहायची, पण कान तिकडेच असायचे.

खिडकीबाहेर बायकांची रांग होती. त्यांचं बोलणं मला आत स्पष्ट ऐकू येत होतं.

"काय इचारत्यात गं?"

"खारट लागलं का इचारत्यात. लागलं म्हणायचं. न्हाई म्हटलीस तर परत लावत्यात."

"आन गॉड लागलं तर?"

"तुझ्या डोळ्यात काय बासुंदी घालत्यात व्हय गं? खारट म्हण आन गप बस."

मी एकटीच हसले. शिकवू देत म्हटलं एकमेकींना. पेशंट काही का म्हणेना, पाणी उलटं येतंय की नाही ते मला दिसतंच की.

अडीचच्या सुमाराला डॉक्टर आवटी स्वतः वर्गात आले. त्यांच्या मागोमाग एक पन्नाशी उलटलेली बाई, तिशीच्या एका मुलीचं कोपर धरून, पाय चाचपत आली.

"चौगुले, ह्या बायाक्का मगदूम," डॉक्टर म्हणाले. "डावा डोळा लहानपणीच देवीत गेलाय. आहे तो हा एकच. नळी नीट बघा."

केसपेपरवर त्यांनी लाल शाईनं लिहिलंही होतं. 'एकच डोळा'. खाली दोन रेघा. मी मान हलवली. ते गेले.

बायाक्का स्टुलावर बसल्या. पदर, नखं, हाताच्या रेषा, कपाळावरची सुरकुती, सगळं पिवळं. बरोबरची मुलगीही तशीच. शाळेच्या मागे हळदीच्या गोदामांची ओळ होती, तिथल्या निम्म्या बायका त्या दिवशी रांगेत होत्या.

"काय काम करता?"

"पालिशला असतोय. हळकुंडं डरमात घालून फिरवत्यात बगा, साल निघूस्तोवर. त्येचा धुरळा उडतोय. बावीस वर्सं झाली."

आवाज नाकात अडकलेला होता.

"सर्दी झालीय का?"

"सर्दी न्हवं वो. नाकच तसलं हाय. डाक्टर सायनस म्हणत्यात, आमी हळद म्हणतो."

"डोळ्यातून पाणी येतं?"

"येतंय की. गोदामात समद्यांच्याच डोळ्यातनं येतंय."

तेवढ्यात मुलगी आईच्या समोर वाकली. आपले दोन्ही हात तिनं आईच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ नेले आणि बोटांनी, मनगटांनी भराभर काहीतरी करू लागली. बांगड्या वाजत होत्या. बायाक्कांनी मान तिरकी करून, डोळा बारीक करून बघितलं आणि हातांनीच उत्तर दिलं.

"काय म्हणतेय?"

"सुई बघून भ्यालीया. डोळा फोडणार हाय का इचारतीया." बायाक्का हसल्या. "माझी लेक, मालन. जलमापासनं ऐकू येत न्हाई, त्यामुळं बोलनं बी न्हाई. आमी दोघी हातानं बोलतो."

"शाळेत शिकली का?"

"कुठली शाळा! आमच्याच खुणा हायत. ती रांगत हुती तवापासनं एकेक काढत गेलो. दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ का ठो कळत न्हाई." मग त्यांचा आवाज उतरला. "वरीस झालं, मला तिचा हात धुरातल्यागत दिसतोय. उनात उभी ऱ्हाऊन, हितं नाकाफुडं हात आणून बोलायला लागतंय तिला. परवा म्हणाली काय आन म्या समजलं काय. माझा डोळा मिटला तर ती कुणाशी बोलायची, सांगा? तेवढ्यासाठनं आलोय बाई. मला काय मोती ववायचं न्हाईत."

"होईल नीट," मी म्हणाले. "मान वर करा. हलू नका."

मालन बाजूलाच उभी राहिली. आधी माझ्या हाताकडे, मग माझ्या तोंडाकडे, मग आईच्या तोंडाकडे, अशी ती बघत होती. तिची नजर मला जरा जाचली. बोलणाऱ्या माणसांना असं कुणी निरखून बघत नाही.

मी सुई घातली. पाणी सोडलं.

"खारट लागलं का?"

"लागलं," बायाक्का म्हणाल्या.

मी गालावरचं पाणी कापसानं टिपलं आणि केसपेपरवर लिहिलं, 'नळी मोकळी'. खाली सही केली. बायाक्का उठता उठताही काहीबाही बोलत होत्या. पुढची बाई स्टुलावर येऊन टेकलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दवाखान्यात त्यांचं ऑपरेशन झालं. पाऊण तास लागला, पण अगदी सुरेख झालं, डॉक्टर स्वतःवरच खूश होते. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडायची होती. पट्टी सोडायला मी मुद्दाम गेले. सगळ्या पेशंटांच्या वेळी जात नसे, पण त्या दोघींचं मला नवल वाटलं होतं.

डॉक्टरांनी पट्टी काढली. "किती बोटं?"

बायाक्कांनी बोटांकडे बघितलंच नाही. त्या डॉक्टरांच्या पलीकडे, दारात उभ्या असलेल्या मालनकडे बघत होत्या. मालननं तिथूनच, दहा-बारा पावलांवरून, एक हात हळूच वर केला आणि दोन बोटं हलवली. बायाक्कांनी तीच खूण परत केली.

मग जे सुरू झालं ते बघायला अख्खा वॉर्ड गोळा झाला. मालन कॉटसमोर उभी राहिली आणि तिचे हात थांबेचनात. बायाक्का मधेच हसत होत्या, मधेच कपाळावर हात मारून घेत होत्या, मधेच "आगं आगं" म्हणत तिला थांबवत होत्या आणि पुन्हा सांग म्हणून खूण करत होत्या.

"काय एवढं सांगतेय?" मी विचारलं.

"चुगल्या वो बाई! वरीसभराच्या साठल्याल्या हायत तिच्यापाशी. आमच्या मुकादमानं दुसरी बायकू केली म्हणं! आन मी रोज त्येच्या पयल्या बायकूला इचारतोय, बरं हाय न्हवं घरात?"

वॉर्डातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. मालननं माझ्याकडे बघितलं, जवळ आली आणि माझे दोन्ही हात आपल्या पिवळ्या हातांत धरून कपाळाला लावले. मला फार बरं वाटलं. आपण काहीतरी मोठं केलंय असं वाटलं. तो दिवस मला नको असताना आठवतो.

चौथ्या दिवशी सकाळी बायाक्कांच्या डोळ्यात कळ मारायला लागली. दुपारी पापण्या सुजून डोळा उघडेना. डॉक्टरांनी बॅटरीनं बघितलं, आणि त्यांचा चेहरा बघून वॉर्डातलं बोलणं थांबलं. डोळ्याच्या आत, काळ्या बुबुळापुढे, खालच्या बाजूला पांढुरका थर धरला होता.

डॉक्टर पुढे वाकले आणि त्यांनी अंगठा डोळ्याच्या कोपऱ्यावर, नाकाच्या हाडाशी ठेवून दाबला. पापणीच्या कडेच्या त्या बारीक भोकातून घट्ट पिवळा पू वर आला. पुन्हा दाबलं. पुन्हा आला.

"हे काय आहे, चौगुले?" ते हळू आवाजात म्हणाले.

नळी कधीचीच बंद होती. कित्येक वर्षांच्या सुजलेल्या नाकानं ती खालून बुजवून टाकली होती, वरची पिशवी तुंबली होती, आणि तिथला पू ताज्या चिरेतून डोळ्यात उतरला होता.

डोळ्यात इंजेक्शनं दिली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून आणलं. सहाव्या दिवशी डॉक्टर आवटींनी अंधाऱ्या खोलीत बॅटरी डोळ्यासमोर धरली आणि विचारलं, "मावशी, उजेड दिसतो का?" बायाक्कांनी विचारलं, "कुटं धरलाय?"

त्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर केसपेपर होता. त्यांच्या लाल शाईच्या दोन रेघा, आणि खाली माझं अक्षर.

"नळी मोकळी," त्यांनी वाचलं. "सांगा."

खाई त्याला खवखवे म्हणतात. पण तोंडातून शब्द निघाले ते अगदी सुरळीत.

"सर, खारट लागलं म्हणाल्या त्या. मी विचारलं होतं. बाहेर बायका एकमेकींना शिकवत होत्या, खारट म्हटलं नाही तर परत पाठवतात म्हणून. मी कानांनी ऐकलंय."

यातला शब्दन् शब्द खरा होता.

डॉक्टर उठले. मला बरोबर घेऊन बायाक्कांच्या कॉटपाशी गेले. डोळ्यावर जाड पट्टी. मालन पायगती बसली होती. आम्ही आलो तशी ती उभी राहिली आणि पुन्हा तसंच बघू लागली, डॉक्टरांच्या तोंडाकडे, माझ्या तोंडाकडे, आईच्या तोंडाकडे.

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "शाळेत ह्या बाईंनी नळीत पाणी घातलं, तेव्हा खारट लागलं म्हणाला होता तुम्ही?"

बायाक्कांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लागलं म्हटलं म्या."

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. "कशाला म्हणालात हो असं? आपलाच डोळा होता ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वेळेपासून आधी दाबून बघत जा. पेशंटच्या बोलण्यावर जाऊ नका."

मला झालेली शिक्षा एवढीच. वॉर्डात संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं, की हळदीवालीनं खोटं सांगितलं आणि हातानं डोळा घालवला. बायका हळहळल्याही आणि बोलल्याही. बायाक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

मालन त्यांच्या उशाशी गेली. तिनं दोन्ही हात आईच्या चेहऱ्यासमोर आणले आणि बोलायला सुरुवात केली. पट्टीपुढे. बोटं सवयीनं चालली होती, पाच-सहा खुणा झाल्या असतील, आणि मग तिच्या लक्षात आलं. हात तसेच हवेत राहिले. ते खाली कसे आणावेत हे तिला कळत नसावं, इतका वेळ ते तसेच होते. मी तिथून निघून गेले.

आता खरं सांगते. बायाक्का 'लागलं' म्हणाल्या, पण तिथं थांबल्या नव्हत्या. त्यांचं पूर्ण बोलणं असं होतं.

"लागलं, पर ते माझ्या घशाला कायमच खारट असतंय वो बाई. नाकातलं मागनं उतरत असतंय. आत्ताचं पाणी काय आत गेल्यागत वाटलं न्हाई."

यापेक्षा स्वच्छ कुठला डॉक्टर सांगेल? मी ते ऐकलं होतं, दोन्ही कानांनी. त्यांच्या गालावर पाणी उलटं आलं होतं, तेही बघितलं होतं. ते पाणी पिवळसर होतं. हळदीच्या बाईच्या डोळ्यातून पिवळं येणार नाही तर काय, असा विचारही मनात येऊन गेला. कोपऱ्यावर अंगठा दाबून बघायला तीन सेकंद लागतात. त्या तासातली माझी ती एकतिसावी नळी होती, आणि मला आकडा वाढवायचा होता. 'लागलं' एवढा शब्द मी घेतला आणि बाकीचं बोलणं पुढच्या बाईला "बसा" म्हणण्यात बुडवून टाकलं.

पुढे चार महिने मी तेच काम केलं. "खारट लागलं का?" असं विचारलं की समोरच्या माणसानं 'लागलं' म्हणण्याची मला भीती वाटायची. मी प्रत्येकाला विचारायची, आधी लागत होतं का? आत्ताच लागलं का? नक्की का? तासाला आठ-दहा नळ्या व्हायच्या. डॉक्टर काही बोलायचे नाहीत, पाहुण्यांना काही सांगायचेही नाहीत.

चैत्रात एका रविवारी सकाळी मी एस.टी.नं बायाक्कांच्या गावी गेले. माफी मागायची होती. आधीच्या दोन रविवारी मी स्टँडवरूनच परत आले होते.

गोदामांच्या मागे पत्र्याच्या खोल्या होत्या. बायाक्का उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. मालन अंगणात सुपातून हळकुंडांचा चुरा पाखडत होती. मला बघताच तिचं सूप थांबलं.

"कोण हाय?" सूप थांबलेलं ऐकून बायाक्कांनी विचारलं.

मालन आत गेली. आईचा हात हातात घेऊन तिनं तळव्यावर बोटानं काहीतरी केलं, दोनदा.

"दवाखान्यातली बाई?" बायाक्का म्हणाल्या. "सुईवाली?"

"हो. चौगुले."

"बसा. का आलाय? माझा डोळा आणलाय का परत?"

मी बसले. काय बोलायचं ते एस.टी.त घोकून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना. "आता हातावर बोलता का दोघी?" असं काहीतरी मी विचारलं.

"बोलतो म्हणायचं. जेव, पाणी, ऊठ, कोण आलं, एवढंच. मोठं बोलनं तळव्यावर मावत न्हाई." त्यांनी नाक ओढलं. "ती दिसभर गप असती. पयलं अशी गप नसायची."

मग मी सांगितलं. तुम्ही पूर्ण सांगितलं होतंत, मी अर्धंच घेतलं. पाणी उलटं आलेलं दिसलं होतं. डॉक्टरांपुढे मी तुमच्यावर ढकललं. माझी नोकरी गेली असती म्हणून. सांगताना मला रडू येत होतं आणि रडण्याची लाजही वाटत होती.

बायाक्का ऐकून घेत राहिल्या. त्यांच्या तोंडावर राग दिसेना, काहीच दिसेना.

"मला ठाव हाय की," शेवटी त्या म्हणाल्या. "माझंच बोलनं मला ठाव नसंल व्हय?"

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत? त्यांनी विचारलं तेव्हा?"

"त्यांनी इचारलं, लागलं म्हणालात का? म्या सांगितलं, व्हय. फुडचं त्यांनी इचारलंच न्हाई." जरा थांबून म्हणाल्या, "आन सांगून काय, तुमचा डोळा काढून मला लावणार हुतं?"

मी खाली मान घालून जमिनीवरचा पोपडा नखानं काढत राहिले.

तेवढ्यात बांगड्या वाजायला लागल्या. मी वर बघितलं. मालन माझ्यासमोर येऊन उभी होती आणि हात हलवत होती. तिचा चेहरा माझ्याकडे होता.

बायाक्का ताठ बसल्या. "बोलाय लागली का? कुणाशी बोलतीया? तुमच्याशी?"

"हो."

"चार महिन्यांत पयल्यांदा बोलतीया! काय करतीया हातानं, सांगा मला. पटापटा सांगा. मी तुमाला सांगतो ती काय म्हणतीया."

मी सांगू लागले. "तुमच्याकडे बोट केलं. मग आपल्या घशाला हात लावला."

"हं."

"तोंडापाशी चिमूट धरून लांब ओढत नेली. पार हात लांब होईपर्यंत."

"लई बोलली. आई लई बोलली, म्हणतीया. फुडं?"

"माझ्याकडे बोट केलं. मग... तळव्यावर एवढंसं लिहिल्यासारखं. नखाएवढं."

याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. ती मुलगी त्या दिवशी वर्गात उभी होती. तिला एक शब्द ऐकू आला नव्हता, पण आईचे ओठ किती वेळ हलले आणि माझा पेन किती हलला, हे तिनं बघून ठेवलं होतं. गावात, वॉर्डात, सगळ्यांनी आईला खोटारडी म्हटलं तेव्हा खरं काय ते ह्या एकटीला माहीत होतं, आणि ते सांगायला तिच्याकडे आई सोडून कुणी नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. मी मान खाली घातली.

बांगड्या आणखी एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"शेवटी काय केलं?" बायाक्कांनी विचारलं.

मी वर बघितलं. मालनची मूठ छातीवरून सुटून खाली आलेली मला अर्धवट दिसली. ती वळून सुपाकडे निघाली होती.

"मूठ छातीला लावली होती. मग उघडली."

"कशी उघडली? तळवा वर हुता का खाली?"

"म्हणजे?"

"वर उघडला आसंल तर 'जा, सोडलं तुला' म्हणतीया. खाली उघडला आसंल तर..." बायाक्का थांबल्या. "तर 'तुजं बी आसंच हुंदे' म्हणतीया. कसा हुता?"

मी बघितलं नव्हतं. आणि ते पुन्हा विचारायचीही सोय नव्हती. मला त्यांच्या खुणा येत नव्हत्या, आणि एवढं मोठं बोलणं तळव्यावर मावत नव्हतं. बायाक्का माझ्या तोंडाच्या दिशेनं कान करून थांबल्या होत्या. 'मला दिसलं नाही' एवढं म्हणायचं होतं. तेवढंच खरं होतं, आणि खरं बोलायलाच मी एस.टी.नं एवढ्या लांब आले होते.

"वर," मी म्हणाले.

बायाक्कांचे खांदे सैल झाले. "मग झालं की," त्या म्हणाल्या. "तिनं सोडलं तर मी कोण धरून ठेवणारी?" चाचपत त्यांनी माझा हात शोधला आणि त्यावरून दोन-तीनदा हात फिरवला. त्यांच्या तळव्याला हळदीचा वास होता.

अंगणात मालन सूप हातात घेऊन उभी होती. आईचा हात माझ्या हातावर फिरताना ती बघत होती.

बायाक्कांनी तिला हाक मारल्यासारखी जमिनीवर थाप मारली. थाप पायाला कळून मालन आत आली. बायाक्कांनी तिचा तळवा उघडला आणि त्यावर आपली मूठ ठेवून ती वर उघडायला घेतली, 'सोडलं'ची खूण. मालननं ती पूर्ण होऊ दिली नाही. तिनं हात ओढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"काय झालं वो?" बायाक्कांनी विचारलं. "हात का काढला तिनं?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि चप्पल पायात घालून निघाले.